डाव्या भुवईवर दीड इंच

“माझ्या नजरेतून डासाची टांगसुद्धा सुटत नाही,” असं मी सगळ्या युनिटसमोर डायरेक्टरला ठणकावून सांगितलं, आणि घोडेवाला मान खाली घालून म्हणाला, “निमाताई, काल घोडा होता. आज घोडी आणलीय.”

कपाळावरचा पांढरा ठिपका, शेपटीची लांबी, खोगिराचा तुटका पट्टा, सगळं मी कालच्या फोटोशी जुळवलं होतं. फक्त खाली वाकून बघायचं राहिलं होतं.

“चालेल का ओ?” राजोपाध्येंनी विचारलं. ते आमचे डायरेक्टर. चिंता वाटली की ते टोपी काढून तिच्यात तोंड घालायचे.

“घोड्याकडं कोण बघतंय?” वरून हिरो म्हणाला. “वर मी बसलोय ना.”

मग घोडी चालली.

ही शहाण्णव सालची गोष्ट. भोरच्या पुढं एका बंद पडलेल्या दगडखाणीत आम्ही खजिन्याच्या शोधाचा एक सिनेमा करत होतो. मराठीत एवढा मोठा सिनेमा कधी झाला नाही, असं आमचे निर्माते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. नाव मी सांगत नाही. निर्माते गेले, पण त्यांचे वकील अजून धडधाकट आहेत.

माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा सलग काढत नाहीत. माणूस जानेवारीत दारातून आत शिरतो आणि मार्चमध्ये खोलीत उगवतो. तेव्हा त्याच्या शर्टाचं तेच बटण उघडं पाहिजे, घाम त्याच बाजूला पाहिजे. हे बघायला एक बाई ठेवतात. तिच्याकडं एक वही, एक सहा इंची पट्टी आणि एक झटपट फोटो देणारा कॅमेरा असतो. शॉटच्या आधी फोटो काढायचा, प्रत्येक टेकनंतर काढायचा, आणि फरक दिसला की ओरडायचं, “मॅच नाही!” पहिला फोटो म्हणजे देव. पुढचं सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे.

युनिटमध्ये दोनशे माणसं, आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली. धूर सोडणारा वेगळा, वारा सोडणारा वेगळा. त्या दोघांचं कोल्हापूरच्या कुठल्या तरी शूटिंगपासून भांडण होतं, त्यामुळं एकानं धूर सोडला की दुसरा लगेच पंखा लावायचा. सापवाल्याचा साप थंडीमुळं झोपून असायचा आणि सापवाला त्याच्याशेजारी. दगडवाल्यानं थर्माकोलचे असे काही दगड केले होते की जेवणाच्या सुट्टीत लाइटवाले खऱ्या दगडावर धपकन बसायचे आणि बोंबलत उठायचे. कुणी कुणाच्या हद्दीत हात घालायचा नाही. शर्ट फाटला तर ते कपडेवाल्याचं. रक्त दिसलं तर ते मेकअपवाल्याचं.

आणि हिरोनं उडी मारली तर ती गेनूची.

गेनू शिळीमकर. वेल्ह्याकडचा. लहानपणापासून कडेकपारीत मधाची पोळी काढायला दोरावर लोंबकळायचा, ते बघून कुणी तरी त्याला फाइटमास्तरकडं आणलं होतं. हिरोचा डुप्लिकेट. पाठीमागून दोघं इतके सारखे दिसायचे की हिरोची बायको एकदा गेनूला “चला आता, जेवून घ्या” म्हणाली होती.

झुलत्या पुलाच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला. पूल तुटणार, हिरो दोराला लटकून समोरच्या कड्यावर आपटणार आणि वर चढणार, असा तो शॉट होता. चार महिने सगळे त्याचीच चर्चा करत होते.

“ताई, पाट्यांची यादी तुमच्याकडं असती ना? सिनेमाच्या शेवटी नावं येत्यात ती?”

“माझ्याकडंच आहे. का रे?”

“त्यात माझं नाव टाका की.”

“डुप्लिकेटचं नाव नाही टाकत गेनू. लोकांना वाटलं पाहिजे हिरोनंच मारली उडी.”

“राजोपाध्ये साहेब म्हणालेत, आजचा शॉट मी एकट्यानं पुरा केला तर टाकू म्हणून. नुसतं नाव न्हाई, एकट्याची पाटी. मास्तर पण व्हतं तिथं.” मग जरा थांबून म्हणाला, “आमची आई साक्षरतेच्या वर्गाला जाती. आता अक्षरं लागत्यात तिला. माझे चार सिनेमे बघितलेत तिनं. समदी माणसं उठून जात्यात, ही बसून पाट्या वाचती. म्हणती, पोरा, तुझं तोंड तर दिसतच न्हाई, निदान नाव तरी दिसू दे.”

“आणि एकट्यानं नाही झालं तर?”

“तर मास्तर तो कल्याणचा पोरगा उतरवणार.” कल्याणचा पोरगा समोरच दंड काढत होता.

मी गेनूचा फोटो काढला. डावा, उजवा, समोरून. कपाळ कोरं. वहीत लिहिलं, “पूल. डुप्लिकेट. चेहरा स्वच्छ.” वहीत मी त्याचं नाव कधीच लिहीत नसे. तशी पद्धतच नव्हती.

साडेदहाला पहिला टेक झाला. पूल तुटला, गेनू झुलत आला आणि कड्यावर आदळला. कड्याचा तेवढा भाग दगडवाल्यानं थर्माकोलनं मढवला होता. मधून फक्त एक दगड खरा होता. तो तिथं आधीपासूनच होता आणि इतका शोभत होता की दगडवाल्यानं तो झाकला नाही.

गेनू वर आला तेव्हा त्याच्या डाव्या भुवईवरून लाल रेघ खाली आली होती. मी बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

“पेडणेकर! मला न सांगता रक्त कुणी लावलं? पहिल्या फोटोत कपाळ कोरं आहे!”

पेडणेकर आमचे मेकअपदादा. ते जनरेटरच्या गाडीमागून हात पुसत आले. मिसळ खात होते, मिशीला तर्री होती. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गेनूकडं. तेवढ्यात राजोपाध्ये टोपी उडवत ओरडत आले.

“वा! वा पेडणेकर! कुणाला सुचलं हे? पूल तुटला तर हिरोला लागणार नाही का! आपल्यातल्या कुणाच्या टाळक्यात आलं नाही! आता शेवटपर्यंत ही जखम ठेवायची!”

बावीस वर्षांत पेडणेकरांना कुणी वा म्हटलं नव्हतं. त्यांनी मिशी पुसली.

“सीनची गरज वाटली सर,” ते म्हणाले.

गेनूनं पेडणेकरांकडं बघितलं, पेडणेकरांनी गेनूकडं. मग गेनू म्हणाला, “झ्याक दिसतंय ना ताई?”

ती नजरानजर मी पाहिली. वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

मी जवळ जाऊन पट्टी लावली. दीड इंच. फोटो काढला, त्यावर लिहिलं, “रक्त, डावी भुवई, दीड इंच,” आणि सांगितलं, “आता हाच पहिला फोटो. पुढचं सगळं ह्याला मॅच.”

दुसऱ्या टेकला धूर वाऱ्यानं उडाला. तिसऱ्या टेकला पूल तुटलाच नाही. गेनू मधोमध उभा राहून उड्या मारत होता आणि पूलवाला खालून शिव्या घालत होता. प्रत्येक टेकनंतर मी फोटो काढत होते आणि प्रत्येक वेळी गडबड होत होती.

“पेडणेकर, दीड इंच होतं, आता अडीच आहे! गालावर आलंय!”

“ऊन आहे हो. पातळ होतंय.”

“ते मला नका सांगू. मॅच करा.”

पेडणेकर कापूस घेऊन यायचे आणि जास्तीचं एक इंच पुसायचे. मी पट्टी लावायचे. दीड. ओके.

चौथ्या टेकला गेनूनं दोर डाव्याऐवजी उजव्या हातानं धरला. मी कट करायला लावलं.

“अरे डावा, डावा हात! सकाळपासून डाव्यानं धरतोयस!”

“चुकलं ताई.” तो हसला. “डावं-उजवं एकच वाटाया लागलंय.”

“बस की जरा. पाणी पी.”

“बसलो तर मास्तर त्याला उभा करतील,” तो म्हणाला. कल्याणच्या पोरानं हिरोसारखा शर्ट चढवला होता.

पाचवा टेक अप्रतिम झाला. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. धूरवाल्यानं वारावाल्याला मिठी मारली. राजोपाध्ये म्हणाले, “गेनू, तुझी पाटी नक्की!” गेनूनं माझ्याकडं बघून हातानं हवेत लिहायची खूण केली. मी मान हलवली आणि यादीत लिहिलं: गेनू शिळीमकर. मग तो सावलीला जाऊन पडतो म्हणाला आणि गेला.

मग हिरोचा क्लोजअप. हिरो तंबूतून ताजातवाना बाहेर आला. मी पेडणेकरांना फोटो दिला.

“डावी भुवई, दीड इंच. गेनूला लावलंत तेच लावा.”

“ते संपलं,” पेडणेकर म्हणाले. “कुंकू आणि मध कालवून करतो. कॅमेऱ्याला काय कळतंय?”

कॅमेऱ्याला कळलं नाही. मुंग्यांना कळलं. तिसऱ्या टेकला हिरो “हा खजिना माझ्या बापाचा आहे!” असं गरजत असताना त्याच्या भुवईवरून काळी रांग निघाली आणि तो कानाला झोंबणाऱ्या किंकाळ्या मारत थर्माकोलच्या शिळेवर पडला. शिळा फुटली. दगडवाला रडायला लागला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी तर खाली बसून हसले. तसं मी त्यानंतर कधी हसले नाही.

पाचच्या सुमारास पुण्याहून टेम्पो आला. ड्रायव्हरनं खोकं उतरवलं आणि मला विचारलं, “बाई, रक्त आलंय. कुणाकडं द्यायचं?”

“कसलं रक्त?”

“मेकअपचं. बारा बाटल्या. दोन दिवस झाले, तुमचं माणूस फोनवर बोंबलतंय की एक थेंबसुद्धा न्हाई म्हणून.”

खोक्याला सील होतं. मी पेडणेकरांकडं बघितलं. ते हळूहळू मेकअपच्या खुर्चीत बसले, हिरोच्या.

“त्यानं मला डोळ्यानं खुणावलं हो निमाताई,” ते म्हणाले. “मला वाटलं, खरचटलं असेल.”

“तुम्ही ते पुसत होतात.”

“तुम्हीच म्हणत होता, मॅच करा.”

आम्ही गेनूला शोधायला लागलो. तंबूत नव्हता, झाडाखाली नव्हता. फाइटमास्तर नावानं हाका मारत होते. कड्यातून ती हाक परत यायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, त्यानं ओ दिली. तेवढ्यात डमीवाला तक्रार घेऊन आला. दरीत फेकायला त्यानं हिरोचे तीन पुतळे केले होते. तेच कपडे, तेच केस. ते छपरीखाली ओळीनं पालथे ठेवले होते.

“माझे तीन होते,” तो म्हणाला. “आता चार भरतायत. कुणी ठेवला जास्तीचा?”

चौथा गार जागा बघून तिथं आडवा झाला होता. श्वास चालू होता. घोरल्यासारखा.

अँब्युलन्स होती. नव्हती असं कुणी म्हणू नये. पण आदल्याच दिवशी आर्टवाल्यांनी ती रंगवून लष्करी ट्रक केली होती आणि आत खजिन्याच्या अकरा पेट्या खिळ्यांनी ठोकून बसवल्या होत्या. त्या काढायला सुतार लागतात, आणि पेट्या आर्टच्या हद्दीतल्या, म्हणून आर्टचेच सुतार लागतात. ते चहाला गेले होते. वीस मिनिटं गेली. शेवटी लाइटवाल्यांनी लाथा घालून पेट्या फोडल्या. सोनेरी रंगाच्या खोट्या मोहरा सगळ्या खाणीत सांडल्या आणि आम्ही त्यांच्यावरून घसरत गेनूला आत ठेवला. मी त्याच्याजवळ बसले. गाडीवर घंटा नव्हती, दिवा नव्हता. रस्त्यातली माणसं आमच्या ट्रकला सलाम करत होती.

गावात शिरायच्या आधी एका वळणावर घोरणं थांबलं.

सिनेमा पूर्ण झाला. तोच पाचवा टेक ठेवला. बाकी सगळा सिनेमाभर हिरोच्या डाव्या भुवईवर दीड इंच जखम होती, कारण मॅच करावंच लागतं. रोज सकाळी मी पट्टी लावून ती मोजायचे. पोस्टरवर ती हातभर मोठी झाली. त्या वर्षीच्या गणपतीत एका मंडळानं झुलत्या पुलाचा देखावा केला, त्यातल्या मातीच्या हिरोला होती. माझ्या भाचीच्या शाळेत गॅदरिंगला सात पोरं तशीच भुवई रंगवून आली. मी पुढच्या रांगेत बसले होते. सातही जणांची जखम मी नजरेनं मोजली. दोघांची मॅच नव्हती.

वही माझ्याकडंच राहिली. तिच्यात लिहिलंय: “टेक दोन, डावी पापणी जड, मॅच नाही. टेक तीन, पाय अडखळतो, मॅच नाही. टेक चार, हात चुकला.” पुढं एका डॉक्टर मैत्रिणीनं ते पान सहज वाचलं आणि विचारलं, “कुठला पेशंट गं हा? वाचला का?”

पोलिसांची चौकशी, विमा, वकील. निर्माते म्हणाले, ह्या माणसाचं नाव पडद्यावर दिसलं तर शंभर प्रश्न येतील. मी दिलेल्या यादीत नाव होतं. पडद्यावर नव्हतं.

वेल्ह्याला तंबूत सिनेमा आला तेव्हा मी गेले. गेनूच्या आईला, ठकूबाईला, तोपर्यंत एवढंच सांगितलेलं होतं की डोक्याला मार लागला आणि सगळं एका क्षणात झालं. पाट्या सुरू झाल्या, माणसं उठली. ठकूबाई ओठ हलवत वाचत बसली. पडदा पांढरा झाला तरी बसली होती.

“ताई, नाव कुठं आलं वो?” तिनं विचारलं. “साहेब म्हणालं व्हतं, एकट्याची पाटी. मला घावली न्हाई. मीच वाचाया कमी पडले का काय?”

“पाट्या जरा भरभर गेल्या मावशी,” मी म्हणाले.

“तरीच,” ती म्हणाली. “अजून शिकाया पायजे.”

ती अजून शिकली. पाच वेळा बघितला तिनं तो सिनेमा, असं मला नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी निर्मात्यांच्या नातवानं फोन केला. जुनी फिल्म कॉम्प्युटरवर साफ करून सिनेमा पुन्हा लावायचा होता. रंग उडालेत, डाग पडलेत, माझ्याकडचे जुने फोटो मिळतील का? मी म्हटलं, मिळतील, पण गेनू शिळीमकरची पाटी टाकायची. एकट्याची. सुरुवातीलाच, आणि सावकाश. नातू भला पोरगा. लगेच हो म्हणाला. मी पुलाच्या सीनचं पाकीट जसं होतं तसं दिलं. सगळे फोटो क्रमानं लावलेले, नंबर घातलेले. माझ्या कामात गबाळेपणा नसतो.

आणि मी ठरवलं. ठकूबाईला पुण्याला आणायचं, शेजारी बसवायचं, आणि पाचव्या टेकला, जेव्हा गेनू वर चढताना अर्धा सेकंद मान वळवतो आणि रेघ दिसते, तेव्हा तिचा हात धरून सांगायचं की मावशी, हे त्याचं स्वतःचं होतं, आणि मी बघितलं होतं. क्षणात नाही झालं. साडेदहापासून पाचपर्यंत झालं. आणि कुणाला न सांगितलेलंही सांगायचं. पहिल्या टेकनंतर मी मोजलं तेव्हा पट्टीला जे लागलं ते कोमट होतं. उन्हानं असेल, असं मी मनाला सांगितलं आणि पट्टी पदराला पुसली.

ठकूबाई आता शहात्तरची. हिरवं लुगडं नेसून आली होती. पाटी आली. तिनं बोटानं हवेत एक एक अक्षर धरलं. “गे… नू. शि… ळी… म… कर.” मग परत पहिल्यापासून. नातवानं खरंच सावकाश ठेवली होती. तिनं पदर नीट केला.

पूल आला. पूल तुटला. गेनू झुलत आला, आदळला, चढला. मी तिचा हात धरला. त्यानं मान वळवली.

कपाळ कोरं होतं.

“बगा,” ठकूबाई म्हणाली. “काय सुदिक लागलं नव्हतं त्याला. मी म्हणतच व्हते.” आणि माझा हात थोपटत राहिली.

पुढच्याच शॉटला हिरोच्या भुवईवर दीड इंच होतं.

मध्यंतरात फिल्म साफ करणारा मुलगा मला भेटायला आला. म्हणाला, पुलाच्या सीनमध्ये त्या माणसाच्या कपाळावर एक लाल डाग होता, फिल्मवरचा असणार, तुमच्या पाकिटातल्या एक नंबरच्या फोटोशी मॅच करून आम्ही तो पुसून टाकला.